कवळीपायी झालेला खून आणि आपल्या तालुक्यातली म्हातारी माणसं

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा. विषय दातांचा आहे, पण शेवटी मुद्दा सरकारी योजनेवर येतो, म्हणून इथे लिहितोय.

आपल्या बसस्टँडपासून बाजारपेठेपर्यंत चालत गेलात तर दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या बघा. वीस वर्षांपूर्वी पाटीवर 'दात काढणे, दात बसवणे, चांदी भरणे' एवढंच असायचं. आता 'डिजिटल स्कॅन', 'इम्प्लांट', 'अलाइनर', 'लेझर' आणि खाली बारीक अक्षरात 'हप्त्याची सोय'. तंत्रज्ञान तालुक्याला आलं ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते दुकानाच्या पाटीवर येतं कधी, आणि वाडीवरच्या सत्तरीच्या आजीच्या तोंडात पोचतं कधी? मधली वर्षं कोण ठरवतं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला सगळ्यात कामाची वाटली ती कवळी. कवळीचा इतिहास हा फक्त दंतवैद्यकाचा इतिहास नाही. त्यात गुलामी आहे, कोर्टकचेरी आहे, एक खून आहे आणि एका मंत्र्याचा राजीनामाही आहे.

सुरुवात अमेरिकेपासून करू. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात शिल्लक होता. त्यांची कवळी लाकडाची होती असं सांगतात, ते खोटं. त्यांच्या कवळ्यांत शिसं होतं, हस्तिदंत होता, पाणघोड्याचा दात होता, गाईघोड्याचे दात होते आणि माणसाचेही होते. माणसाचे दात यायचे कुठून? वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन इथल्या हिशेबाच्या वहीत मे १७८४ मधली एक नोंद आहे: नऊ दातांसाठी निग्रोंना दिलेले पैसे. म्हणजे मळ्यावरच्या गुलामांचे दात मालकाच्या हिशेबात लिहिलेले आहेत.

युरोपातही तेच चालू होतं. १८१५ साली वॉटर्लूची लढाई झाली. रणांगणावर मरून पडलेल्या सैनिकांचे दात उपटून कवळ्या करणाऱ्यांना विकले गेले. 'वॉटर्लूचे दात' असं नावच पडलं त्यांना. गरिबाच्या किंवा मेलेल्याच्या तोंडातला दात श्रीमंताच्या तोंडात जायचा. सोन्याच्या किंवा हस्तिदंताच्या पट्टीवर तो बसवायचा. ज्याच्याकडे पैसा नाही त्याने हिरड्यांनी चावायचं.

ही परिस्थिती बदलली ती रबराने. चार्ल्स गुडइयर हे टायरमुळे आपल्याला माहीत असलेलं नाव. टायरच्या कंपनीशी त्यांचा काही संबंध नव्हता, नाव फक्त त्यांच्या सन्मानार्थ घेतलं. त्यांनी रबरात गंधक मिसळून तापवण्याची पद्धत शोधली आणि १८४४ साली तिचं पेटंट घेतलं. गंधक जास्त घातलं तर रबर लाकडासारखं टणक होतं. त्या टणक रबराचं पेटंट त्यांचे भाऊ नेल्सन यांनी १८५१ साली घेतलं. याला म्हणतात व्हल्कनाइट. दातांच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे तर कवळीसाठी देवाने धाडलेलं आहे. तोंडाचं माप घ्यायचं, मेणाचा साचा करायचा, तो प्लॅस्टरमध्ये दाबायचा, मेण काढून त्या जागी मऊ रबर भरायचं आणि वाफेच्या दाबाखाली शिजवायचं. बाहेर येते ती टाळूला चपखल बसणारी कवळी. हिरडीसारखा रंग यावा म्हणून त्यात हिंगूळ घालत. सोन्याच्या पट्टीच्या मानाने खर्च अगदी कमी. त्याच सुमारास ईथर आणि नायट्रस ऑक्साइडमुळे न दुखता दात काढता येऊ लागले होते. किडके दात काढा, रबराची कवळी बसवा. सामान्य माणसाला पहिल्यांदाच बत्तिशी परवडू लागली.

आणि इथेच गोष्टीत वकील आले.

बोस्टनच्या जॉन कमिंग्ज नावाच्या दंतवैद्यांनी रबराच्या कवळीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. बरीच वर्षं तो लटकला आणि १८६४ साली मंजूर झाला. ते पेटंट 'गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनी'ने घेतलं. कंपनीचे खजिनदार होते जोसाया बेकन. बेकन यांनी ठरवलं की अमेरिकेत जो कोणी दंतवैद्य रबराची कवळी करेल त्याने आधी कंपनीचा परवाना घ्यायचा, वर्षाची फी भरायची आणि वर प्रत्येक कवळीमागे पैसे द्यायचे. जो देणार नाही त्याच्यावर खटला. गावोगावी माणसं पाठवून कोण चोरून कवळ्या करतो याचा शोध घेतला जाई. डॉक्टरांनी एकत्र येऊन लढा दिला, वर्गणी काढली. पण प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि १८७० च्या दशकात कोर्टाने पेटंट वैध ठरवलं.

यातले एक डॉक्टर होते सॅम्युअल चॅलफंट. डेलावेअर राज्यात दवाखाना होता. परवाना घ्यायला तयार नव्हते. खटला झाला, ते गाव सोडून पश्चिमेकडे गेले. कंपनी मागे लागली. शेवटी सॅन फ्रान्सिस्कोला पोचले, तिथेही बेकन येऊन ठेपले. १३ एप्रिल १८७९, ईस्टरचा रविवार. बेकन ज्या हॉटेलात उतरले होते तिथे चॅलफंट त्यांच्या खोलीवर गेले. बाचाबाची झाली आणि चॅलफंट यांनी पिस्तुलातून गोळी झाडली. बेकन मेले. चॅलफंट यांना दहा वर्षांची शिक्षा झाली.

खुनाचं समर्थन कोणी करू नये, मीही करत नाही. पण पुढे काय झालं ते बघा. दोन वर्षांनी, १८८१ साली, पेटंटची मुदत संपली आणि कंपनीने पुन्हा तो नाद केला नाही. रबर तेच होतं, गंधक तेच, वाफेचं भांडंही तेच. फक्त कागदावरचं कुलूप निघालं आणि रबराची कवळी सगळ्यांची झाली. पुढची पन्नासहून जास्त वर्षं जगभर तीच चालली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅक्रिलिक आलं तेव्हा कुठे रबर मागे पडलं. आज आपल्याकडे जी गुलाबी कवळी मिळते ती त्या अ‍ॅक्रिलिकचीच.

कुलूप नसलेल्या तंत्रज्ञानाचंही एक उदाहरण याच काळातलं आहे. जर्मनीत विल्हेल्म रोंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण सापडले. त्यांनी पेटंट घेतलं नाही. शोध जगजाहीर झाला आणि काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, ऑटो वॉल्कहोफ या जर्मन दंतवैद्यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला. काचेची पट्टी तोंडात धरून पंचवीस मिनिटं पडून राहावं लागलं. आज तेच काम सेकंदाच्या छोट्याशा भागात होतं. त्याच वर्षी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स यांनी दवाखान्यात एक्स-रे सुरू केला. मशीन नीट चालतंय का हे बघायला ते स्वतःचा हात किरणांपुढे धरत. आधी बोटं गेली, मग हात गेला, आणि १९२८ साली त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. खुलेपणाने शोध झपाट्याने पसरला, पण नियम नव्हते त्याची किंमत कुणाच्या तरी शरीराने मोजली. म्हणून मी 'सगळं मोकळं सोडा' असंही म्हणणार नाही. पण कुलूप काढणं आणि कुंपण घालणं ही दोन्ही कामं कुणीतरी जबाबदारीने करावी लागतात, आणि ती बाजार आपणहून करत नाही.

मग ती कोण करतं? आता इंग्लंडला जाऊ. ५ जुलै १९४८ रोजी तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आरोग्यमंत्री होते अन्यूरिन बेव्हन, वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा, स्वतःही कोवळ्या वयात खाणीत उतरलेला. दवाखाना फुकट, चष्मा फुकट, कवळी फुकट. लोकांची अशी झुंबड उडाली की सरकारचे अंदाज कोलमडले. वर्षानुवर्षं दात नसलेले, पैशाअभावी तसेच दिवस काढणारे लोक रांगेत उभे राहिले. टीकाकार म्हणाले, फुकट म्हटल्यावर गर्दी होणारच. पण ती गर्दी एका दिवसात तयार झाली नव्हती. ती आधीपासून घराघरात होती, फक्त कुणाला दिसत नव्हती.

तीन वर्षांनी कोरियाच्या युद्धासाठी शस्त्रांवरचा खर्च वाढला. १९५१ च्या अर्थसंकल्पात चष्मा आणि कवळी यांचा अर्धा खर्च रुग्णाकडून घ्यायचं ठरलं. बेव्हन तेव्हा कामगार मंत्री होते. त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्यासोबत हॅरॉल्ड विल्सन यांनीही दिला, जे पुढे पंतप्रधान झाले. कवळीच्या अर्ध्या पैशांवरून मंत्री खुर्ची सोडतो, हे आपल्याला आज गंमतीचं वाटेल. बेव्हन यांना ती तत्त्वाची गोष्ट वाटली.

आता आपल्याकडे या. आपल्या देशातलं पहिलं दंत महाविद्यालय कोलकात्यात १९२० साली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी काढलं. आणि योगायोग बघा, ज्या १९४८ साली इंग्लंडने कवळी फुकट केली त्याच साली आपल्याकडे दंतवैद्यकाचा केंद्रीय कायदा झाला. त्या कायद्याने दातांचा उपचार कोणी करायचा हे ठरवलं: नोंदणी, पदवी, परिषद. ते गरजेचंच होतं, नाहीतर जत्रेत बसून दात उपटणाऱ्यांच्या हाती आपण राहिलो असतो. २०२३ साली संसदेने नवा राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला, तोही मुख्यतः याच प्रश्नाचा. उपचार कोणाला मिळायचा, हा दुसरा प्रश्न मात्र आपण बहुतांशी ज्याच्या त्याच्या खिशावर सोडून दिला.

खिशाचा विषय निघाला की इम्प्लांट आठवतं. त्याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रॉनमार्क यांनी १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी कुपी बसवली होती. रक्तप्रवाह कसा चालतो ते बघायचं होतं. प्रयोग संपल्यावर कुपी काढायला गेले तर निघेना. हाड तिला घट्ट धरून बसलं होतं. त्यांनी ओळखलं, हाडाला टायटॅनियम चालतं. १९६५ साली पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे खिळे बसवून त्यावर दात लावले. ते त्या रुग्णाला चाळीस वर्षं, मरेपर्यंत, पुरले. स्वीडनमधल्याच डॉक्टरांनी बरीच वर्षं त्यांना वेड्यात काढलं. १९८२ साली कॅनडातल्या टोरांटोच्या परिषदेनंतर जगाने मानलं. हे इम्प्लांट बाजारात आणायला त्यांना कोणती कंपनी मिळाली माहितीय? बोफोर्स. होय, तीच तोफांवाली. तिच्या छत्राखाली १९८१ साली इम्प्लांटची कंपनी निघाली. म्हणजे ज्या बोफोर्सचं नाव १९८७ नंतर आपल्या पारापारावर चघळलं गेलं, तिच्या घरातून जगाला पक्के दातही मिळाले. आज आपल्या भागात एका इम्प्लांटचा खर्च वीस-पंचवीस हजारांपासून पुढे कितीही जातो. आरोग्य विम्यात दातांचे नेहमीचे उपचार सहसा धरत नाहीत. सोयाबीनच्या एका पट्टीत किती दात येतील याचा हिशेब तुम्हीच करा.

मग नवीन काय आलंय, आणि त्यातलं आपल्या उपयोगाचं काय?

संगणकावर दात बनवणं हे काही कालचं नाही. १९८५ साली झुरिच विद्यापीठात वेर्नर मोरमान यांनी तोंडातल्या कॅमेऱ्याने माप घेऊन, तिथल्या तिथे मशीनवर सिरॅमिक कोरून रुग्णाच्या दातात बसवलं. आज पाटीवर दिसणारा 'डिजिटल स्कॅन' हा त्याचाच नातू. १९९७ साली अमेरिकेत पारदर्शक अलाइनरची कंपनी निघाली. तिची महत्त्वाची पेटंटं २०१७ पासून संपू लागली आणि बघता बघता आपल्या देशातही अलाइनर बनवणाऱ्यांची रांग लागली. व्हल्कनाइटचा इतिहास पुन्हा घडला, सुदैवाने गोळीशिवाय. अलीकडच्या काही वर्षांत अमेरिकेत एक्स-रेवरची कीड दाखवणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सॉफ्टवेअरला सरकारी मंजुरी मिळू लागली. डॉक्टरच्या नजरेतून निसटलेली बारीक कीड ते दाखवू शकतं. पण दाखवलेल्या प्रत्येक ठिपक्याला भरायचंच का, हे ठरवणारा माणूस भला असावा लागतो.

माझ्या मते आपल्यासाठी यातलं सगळ्यात कामाचं आहे ते म्हणजे डिजिटल कवळी. पूर्ण कवळीला आजही चार-पाच खेपा लागतात: एकदा माप, मग पक्कं माप, मग जबडा कसा मिटतो त्याची नोंद, मग मेणात दात लावून बघणं, मग कवळी, आणि नंतर टोचते म्हणून घासायला पुन्हा एक-दोन खेपा. शहरात हे ठीक आहे. वाडीवरून एसटीने येणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी प्रत्येक खेप म्हणजे सोबत येणाऱ्या लेकाचा किंवा सुनेचा बुडालेला रोज. त्यामुळे कवळी अर्ध्यात सुटते. डिजिटल पद्धतीत माप एकदा संगणकात गेलं की तिथेच दात मांडता येतात, आणि अ‍ॅक्रिलिकच्या चकतीतून कवळी कोरता येते किंवा रेझिनचे थर चढवत छापता येते. खेपा कमी होतात. कवळी हरवली, पडून फुटली, तर फाइल आहेच, पुन्हा छापा. बिनदातांच्या हिरड्या मऊ आणि हलत्या असतात, त्यांचा थेट स्कॅन अवघड जातो. म्हणून बरेच डॉक्टर नेहमीसारखं माप घेतात आणि त्या मापाचा स्कॅन करतात. आपल्याला हे उलट सोयीचंच आहे. तालुक्याला महागडा स्कॅनर नको. माप इथे घ्यायचं, स्कॅनर आणि छपाई एका मोठ्या केंद्रात.

आता सरकारी कागद. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना १ एप्रिल २०१७ ला सुरू झाली. गरीब ज्येष्ठांना द्यायच्या साधनांच्या यादीत काठी, कुबडी, वॉकर, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, चष्मा यांच्याबरोबर कृत्रिम दातही लिहिलेले आहेत. म्हणजे कवळी हा हक्क कागदावर मान्य आहे. अडचण कुठे आहे? काठी मांडवात बसून एका दुपारी वाटता येते. हारतुरे होतात, फोटो होतो. कवळी अशी वाटता येत नाही. तिला तोंड उघडून बघणारा डॉक्टर लागतो आणि पुन्हा पुन्हा भेट लागते. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ला आली. पासष्टीच्या पुढच्यांना चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकरकमी ३,००० रुपये खात्यात. चांगली योजना आहे. पण तेवढ्यात पूर्ण कवळी बसवून दाखवा कुणी.

आणि हे जमत नाही असंही नाही. शेजारच्या कर्नाटकाने २०१४ च्या अखेरीस 'दंतभाग्य' योजना आणली: दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना मोफत कवळी. त्यात सरकारीच नव्हे, खासगी दंत महाविद्यालयांनाही कामाला लावलं. विद्यार्थ्यांना कवळी शिकायला रुग्ण लागतातच, रुग्णांना कवळी लागते. दोघांची गाठ घालून दिली की झालं. आपल्याकडे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, खासगी तर कितीतरी आहेत.

दात नसणं हा म्हातारपणाचा शृंगार आहे असं समजून आपण गप्प बसतो. पण बिनदाताची म्हातारी काय खाते ते एकदा स्वयंपाकघरात बसून बघा. चहात बुडवलेलं बिस्किट, दुधात कुस्करलेली भाकरी, पातळ भात. शेंगदाणे गेले, हरभरा गेला, मेथीची भाजी गेली, मटणाची फोड गेली. मग डॉक्टर म्हणतात रक्त कमी आहे. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण नशिबावर ढकलतो. वर सांगितलेला इतिहास बघितला तर यात नशीब थोडं आणि माणसांनी घेतलेले निर्णय जास्त दिसतात.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पटल्या तर तुमच्याही म्हणा.

एक, राज्याच्या योजनेत कवळीचं नाव स्पष्ट घाला आणि तिचा खर्च ३,००० च्या बाहेर धरा.

दोन, ग्रामीण रुग्णालयात माप घ्यायचं आणि दंत महाविद्यालयात कवळी बनवायची, अशी जोडणी करा. मापाचा डबा एसटीने जाऊ शकतो, म्हातारीने कशाला जायचं?

तीन, वाटलेल्या कवळ्यांचा आकडा जाहीर करताना, सहा महिन्यांनी किती जणांच्या तोंडात ती आहे आणि किती जणांच्या ट्रंकेत, तेही सांगा. टोचणारी कवळी ट्रंकेतच जाते.

आमदार साहेबांना, जिल्हा परिषदेला, सिव्हिल सर्जनना हे निवेदन देता येईल. दातांच्या कण्या केल्याशिवाय आपल्याकडे काही मिळत नाही हे खरं, पण ज्यांना दातच नाहीत त्यांनी कण्या कशाच्या करायच्या? त्यांच्या वतीने आपल्यालाच बोलावं लागेल. तालुक्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी या पोस्टवर जरूर लिहावं. महिन्यातून एक दिवस ग्रामीण रुग्णालयात फक्त मापं घ्यायला कोण येऊ शकेल, त्याची यादी करू. आणि तुमच्या घरात, शेजारी कोणी कवळीवाचून असेल तर गाव आणि वय एवढंच कळवा, नाव नको. निवेदनाला आकडा जोडायचा आहे.